बेंदूर दोन, बैल एक

शिंगं रंगवून झाली, गळ्यात घुंगुरमाळ पडली, पाठीवर झूल चढली, आणि मग गौस नालबंदाने आईला आठवण करून दिली की बेंदराला अजून एक महिना बाकी आहे.

"यहाँ के बेंदूरकू होगा," फातिमाबी म्हणाली. "हमारा आज है."

कसबा बावड्यात बैलांचा हा सण आषाढातल्या पुनवेला होतो. हे तिथल्या कुत्र्यांनासुद्धा ठाऊक असतं, कारण बैलांच्या वाटणीच्या पोळ्या पळवायला ती आदल्या दिवसापासून टपलेली असतात. पण फातिमाबी विजापूरकडची. तिकडे बेंदूर ज्येष्ठातल्या पुनवेला. गेली पस्तीस वर्षं ज्येष्ठी पुनवेला ती घरातल्या घरात पोळ्या करायची, शेजारच्या एखाद्या वासराला एक पोळी गुपचूप चारायची आणि "झालं आमचं" म्हणून हात धुवायची. सण असा पदराखाली झाकून केला की तो कुणाच्या डोळ्यांत खुपत नाही. यंदा मात्र दारात स्वतःचा बैल होता. आणि बैल काही पदराखाली मावत नाही.

हा बैल म्हणजे मूळचा शेजारच्या आकारामच्या गोठ्यातला. जन्मला तोच एका खुराने अधू. आकाराम म्हणाला, "गौसभाई, हे काय औताला चालायचं न्हाय. तुमी न्या, जगलं तर तुमचं." फातिमाबीने त्याला तांदळाच्या पेजेवर वाढवला, गौसने त्याच्या अधू खुराला वेगळी पत्री घडवून मारली, आणि दोन वर्षांत तो तांबडा, उंच, देखणा बैल झाला. लोखंड-कोळशाचा छकडा एकटा ओढायचा.

इथे एक गोष्ट समजावून सांगायला हवी. घोड्याला मारतात तो नाल, बैलाला मारतात ती पत्री. घोड्याचा खूर अखंड, म्हणून नाल एक. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून पायाला पत्र्या दोन. चार पायांच्या मिळून आठ. हा फरक ज्याला कळत नाही त्याच्याशी गौस बोलायचा, पण मनातून त्याला कच्चा समजायचा. तो स्वतः सरकारी पागेत नालबंद होता. दरमहा पगार होता, पितळी बटणांचा निळा कोट होता, आणि पागेतून आल्यावर संध्याकाळी बावड्यातले बैल पत्र्या मारून घ्यायला त्याच्याच अंगणात आडवे व्हायचे. महाराज गादीवर येऊन अठरा वर्षं झाली होती, आणि त्यातली पंधरा वर्षं गौस त्यांच्या पागेत होता. एकूण माणूस मानाचा. फक्त एक बारीकशी अडचण होती. सारं गाव त्याला "पावणं" म्हणायचं.

कोल्हापूरकडे परक्या माणसाला "पावणं" म्हणून हाक मारतात. त्यात वाईट काही नाही, उलट प्रेमच आहे. पण पस्तीस वर्षं ज्या गावात राहिलो त्या गावाने "या पावणं, बसा पावणं" म्हणावं, यात प्रेमापेक्षा परतीच्या गाडीची चौकशी जास्त वाटते.

तर फातिमाबीने कासरा हातात घेतला आणि निघाली. बावड्यात आजवर फातिमाबीला कुणी "नको" म्हटलेलं नव्हतं, आणि ही सुरुवात आपल्यापासून व्हावी असं गौसला वाटलं नाही. तो कोटाची बटणं लावत मागोमाग गेला. मनाशी म्हणाला, मागच्या बोळातून एक फेरी मारू आणि परत आणू. बैलाच्या मनात तसं नव्हतं. त्याने सरळ वेशीचा रस्ता धरला.

वेशीत हंबीरराव पाटील पाच-सहा माणसं घेऊन बसले होते. झूल घातलेला, शिंगं हिंगूळ लावून लाल केलेला बैल, त्याच्यापुढे ताठ मानेची म्हातारी आणि मागे कोट घातलेला नालबंद, असा तो सोहळा येताना बघून त्यांची पानं चघळायची थांबली. फातिमाबीने वेशीच्या या खांबाकडून त्या खांबाकडे पाहिलं आणि खणखणीत आवाजात विचारलं,

"कर कहाँ है?"

कर म्हणजे गवताचा जाड दोर. त्यात आंब्याची पानं खोवतात आणि बेंदराच्या संध्याकाळी तो वेशीत आडवा बांधतात. बाहेरून बैल येतात, तो तोडून आत शिरतात. आणि पहिली कर तोडायचा मान पाटलांच्या बैलाचा. आता बेंदूरच महिनाभर लांब, तर कर कुठून असणार?

"फातिमाबी," पाटील गंभीरपणे म्हणाले, "विजापूरचं घड्याळ म्हैनाभर म्होरं हाय काय?"

मग जे हसू झालं ते पंचगंगेच्या घाटापर्यंत गेलं असावं. जोतीराम नावाचा एक पैलवान गडी हसता हसता कट्ट्यावरून खाली घसरला. उठत म्हणाला, "पावणं, तुमचा बेंदूर तुमच्या गावात करा की. आमच्या गावाला कशापायी तरास?"

"माझं गाव हेच हाय," गौस म्हणाला.

"आस्सं? मग येवा की आषाढात, बैल घिऊन."

जोतीराम हे चेष्टेने बोलला. पण चेष्टा करणाऱ्याने समोरचा माणूस बघून करावी. गौसने कोटाचं वरचं बटण लावलं आणि म्हणाला, "येतो."

एवढ्या एका शब्दातून पुढचं सगळं रामायण घडलं.

दुसऱ्या दिवशी गौस पाटलांकडे गेला. हंबीरराव वाईट माणूस नव्हते. फक्त त्यांना नवीन काही सुचवलं की त्यांचं पोट दुखायचं. ते म्हणाले, "हे बघ, करंला घरं सत्तावीस. कुणाचा बैल कुणाच्या मागं, हे आमच्या आज्याच्या आज्यानं ठरवून ठेवलंय. अठ्ठाविसावं घर घालायचं तर ते बावड्याचं पायजे."

"माझं घर बावड्यातच हाय. तुमच्या वाड्यावरनं दिसतं."

"घर हाय रे. पर तू बावड्याचा हायस का?"

"मी हितंच जन्मलो, पाटील. वेशीबाहेरच्या चिंचेखाली."

हे खरं होतं. अठराशे शहात्तर सालच्या दुष्काळात गौसचा बाप मीरासाब विजापूरकडून निघाला. डोक्यावर ऐरण, मागे पोटुशी बायको. बावड्याच्या चिंचेखाली मुक्काम पडला आणि तिसऱ्या दिवशी गौस जन्मला. पाटलांनी यावर बराच विचार केला आणि म्हणाले,

"जन्म हितला, व्हय. पर बेत तिकडचाच की."

शेवटी पाटलांनी तोड काढली: कचेरीतून गावच्या रहिवासाचा दाखला आण, मग बघू. स्वतःच्या डोक्याचा ताप सरकारच्या डोक्यावर टाकला की माणसाला शांत झोप लागते.

गौस घरी येईपर्यंत ही बातमी गल्लीत पसरली होती, आणि सल्ले दारात येऊन बसले होते. समोरच्या घरची बायडाबाई म्हणाली, कचेरीत रिकाम्या हातानं जाऊ नकोस. मधल्या आळीचा केरबा म्हणाला, रिकाम्या हातानंच जा, न्हायतर चोर समजतील. गौसची बायको खतिजा म्हणाली, कोट घालून जा. आकाराम म्हणाला, कोट घालून गेलास तर तुला पागेतला समजून घोड्याची लीद कुठं टाकायची ते इचारतील. सगळ्यांचं ऐकून गौस एका हातात गुळाची भेली आणि एका खांद्यावर कोट टाकून गेला. भेली कारकुनाने घेतली नाही. कोटाकडे मात्र बघितलं.

"नाव?"

"गौस वल्द मीरासाब नालबंद."

"मूळ गाव?"

"बावडा."

"मूळ म्हणजे वडलांचं."

"वडील बावड्यातच मेले, साहेब. कबर हाय."

"मेल्याचं गाव विचारलं नाही. जन्मल्याचं."

"ते कल्लहट्टी, विजापूरकडं. पर दाखला मला पायजे, वडलांना नको."

कारकुनाने टाक कानावर ठेवला. कारकुनाने टाक कानावर ठेवला की समजावं, आपलं काम आज होत नाही. "दाखला कशासाठी?"

"बेंदराला बैल न्यायचाय."

"बैलाचं नाव?"

गौसने भोळेपणाने खरं नाव सांगितलं. फातिमाबी बैलाला राजा म्हणायची. कारकुनाने आजूबाजूला पाहून हळू आवाजात सांगितलं की संस्थानात राजा एकच असतो, आणि त्यांच्या पायाला तुम्ही पत्री मारत नाही. अर्ज फाडला गेला. नव्या अर्जात बैलाचं नाव "तांबड्या" झालं. तिसऱ्या अर्जात शाईचा डाग पडला. चौथा अर्ज सुरेख झाला, तेव्हा कारकून म्हणाला, "आता एवढंच करा. कल्लहट्टीच्या पाटलाकडून लिहून आणा की तुम्ही तिकडचे नाही."

"मी तिकडचा न्हाय हे तिकडच्यांनी सांगायचं?"

"मग काय आम्ही सांगायचं? आम्ही तिकडचे थोडेच आहोत?"

हा युक्तिवाद इतका पक्का होता की गौस कचेरीच्या पायऱ्या उतरून चौकापर्यंत आल्यावर त्याला त्यातली गंमत कळली, आणि तोवर कचेरी बंद झाली होती.

गौसने कल्लहट्टीला पोष्टाचं कार्ड टाकलं. तो विजापूर मुलखात जन्मात गेला नव्हता. लहानपणी आई सांगायची की तिकडची जोंधळ्याची भाकरी पौर्णिमेच्या चंद्राएवढी असते, एवढीच त्याची त्या मुलखाशी ओळख. घरात ती माणसं दखनी बोलत, बाजारात मराठी, आणि जनावरांशी कानडी. हे असं का, ते कुणालाच सांगता आलं नसतं. मीरासाब आडव्या पाडलेल्या बैलाच्या कानात कानडी बोलायचा आणि बैल शांत व्हायचा. फातिमाबी तेच करायची. गौसला कानडी समजायचं, पण तो पागेत किंवा गावात चुकूनही बोलत नसे. आधीच पाहुणा, त्यात आणखी पुरावा कशाला द्या?

बाराव्या दिवशी उत्तर आलं. ते कानडीत लिहिलेलं होतं. कानडी गौसला ऐकू येत होतं, वाचता येत नव्हतं. शेवटी शहरातल्या एका लिंगायत भुसाऱ्याने चष्मा लावून ते वाचून दाखवलं:

"मीरासाब नालबंद आमच्या गावचा होता. दुष्काळात तो कोल्हापुरास गेला. त्याची माणसे आता कोल्हापूरकर झाली. त्यांचे येथे घर, जागा, मान, काही नाही. आपण कोल्हापूरकर आहात, तरी इकडे येणे झाल्यास गुळाची एक ढेप आणावी. तिकडचा गूळ चांगला असतो असे ऐकतो."

इतकं अपमानकारक पत्र वाचून इतका आनंद झालेला माणूस त्या भुसाऱ्याने पूर्वी पाहिला नव्हता. गौस धावत कचेरीत गेला. "बघा साहेब! ते मला कोल्हापूरकर म्हणतात. गूळसुद्धा मागतात!"

कारकुनाने पत्र उलटसुलट केलं. "तुम्ही तिकडचे नाही, एवढं यातून सिद्ध होतं. इकडचे आहात हे होत नाही. इंग्रजांच्या खालसा मुलखातल्या पाटलाचं मत संस्थानावर बंधनकारक नाही."

"म्हंजे मी तिकडचा न्हाय, हिकडचा न्हाय. मग मी हाय कुठं?"

"सध्या कचेरीत आहात," कारकून प्रामाणिकपणे म्हणाला. "अर्ज ठेवून जा. कळवू."

त्या संध्याकाळी गौस अंगणात ऐरणीवर बसून राहिला. माणूस ऐरणीवर बसत नाही, ती कामाची जागा. खतिजाने ते पाहिलं आणि सांभाळून चहाऐवजी ताक आणून दिलं. आषाढी पुनव चार दिवसांवर आली होती.

आकाराम कुंपणावरून डोकावला. तो सल्ले द्यायचा खरा, पण मन मोठं होतं. "गौसभाई, येक सांगू? सत्ताविसांत माझं घर हाय. तुझा बैल माझा म्हणून चालंल. कुणी इचारलं तर म्हणू, आकारामचा तांबडा. माझ्याच गोठ्यातलं बेणं हाय, खोटं काय?"

गौसच्या तोंडाशी "बरं" आलं होतं. सोपं होतं. कर तुटली असती, पोळी मिळाली असती, जोतीरामचं तोंड बंद झालं असतं. त्याने ताक संपवलं, पेला खाली ठेवला.

"आकाराम, तुझे उपकार हायत. पर तुझ्या नावानं गेला तर बैल जाईल. मी न्हाई जात."

"मग दुसरं सांगतो. पत्र्या मारायचं बंद कर! म्हागनं पळत येतील सगळे."

हा सल्ला दिवसभरात पाच जणांनी दिला होता. बेंदराच्या आधी सगळे बैल गौसकडे यायचे. पण तो म्हणाला, "बैलांनी माझं काय वाकडं केलंय?" आणि पुढचे तीन दिवस, पागेतून आल्यावर, दिवे लागेपर्यंत तो पत्र्या मारत राहिला. पाटलांचे बैल झाले. जोतीरामच्या बैलांना तर त्याने जुने खिळे काढून नवे मारले. जोतीराम खाली मान घालून म्हणाला, "पावणं, हात मातुर चांगला हाय तुमचा." गौसने आणखी एक खिळा ओठांत धरला. तोंडात खिळे असले की माणसाला गप्प बसायला कारण मिळतं.

बेंदराच्या आदल्या दिवशी चावडीत गाव जमलं. कोणाचा बैल कोणाच्या मागे, ते दरवर्षी एकदा मोठ्याने म्हणायची रीत होती. सत्तावीस नावं झाली. पाटील उठायला लागले.

"एक ऱ्हायलं," गौस म्हणाला.

"दाखला आणलास?"

"न्हाय. दाखला कचेरीत इचार करतोय." त्याने कोटाची बटणं सोडली, गरम होत होतं, आणि आता कोटाचा उपयोगही नव्हता. "पाटील, सत्तावीस घरांचे बैल चौपन्न. येका बैलाला पत्र्या आठ. चारशे बत्तीस झाल्या. ह्या चारशे बत्तीस पत्र्या मी ज्या ऐरणीवर ठोकल्यात ती ऐरण माझा बाप विजापूरहून डोक्यावर घिऊन आला. म्हंजे त्याही पाव्हण्याच. मला करंला येऊ द्यायचं नसंल तर नका देऊ. पर मग ह्या पत्र्या काढून माझ्या अंगणात आणून टाका. पाव्हण्याचं लोखंड पायांत घालून गावची कर तोडू नका. ज्याचे पाय सगळे बावड्याचे असतील, त्यानं तोडावी."

केरबाने नकळत आपल्या बैलाच्या पायांकडे पाहायचा प्रयत्न केला. बैल घरी होता. पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. दाराबाहेर उभी राहिलेली बायडाबाई मोठ्याने म्हणाली, "आता काढा की! बसलाईसा का?"

"ए गौस," पाटील शेवटी म्हणाले, "सगळ्यांच्या म्हागं ऱ्हायचं. चिंचंखाली. शेवटचा."

चिंच कोणती, ते सांगायची गरज नव्हती.

घरी आल्यावर गौसने आईला सगळं सांगितलं आणि भीत भीत एक गोष्ट मागितली. "अम्मा, कल एक काम करना. कानडी नक्को बोलना. एक दिन."

फातिमाबीने पिठाची परात पुढे ओढली. "बैलसे भी नक्को?"

"बैलसे भी नक्को."

"अच्छा," ती म्हणाली, आणि पीठ मळायला बसली. त्या दिवशी ती पीठ जरा जास्तच जोराने मळत होती.

आषाढी पुनवेला संध्याकाळी वेशीत कर बांधली गेली. वेशीच्या आत बायका पोळ्यांची ताटं घेऊन उभ्या राहिल्या; त्यांत पांढऱ्या लुगड्यातली फातिमाबी सगळ्यांत पुढे. बाहेर बैलांची रांग चिंचेपर्यंत गेली. हलगी कडाडली. पाटलांचा पांढरा बैल पुढे निघाला, करेपाशी आला, आणि थांबला.

पाटलांनी यंदा त्याच्या कपाळाला आरसे बांधले होते. कारण उघड बोलायचं नाही, पण मागे एक नवीन बैल उभा राहणार होता आणि पहिल्याचा रुबाब उतरायला नको होता. त्या आरशांची लखलख समोरच्या आंब्याच्या पानांवर नाचत होती, आणि बैल त्या नाचणाऱ्या उजेडाला बिचकत होता. पाटलांनी चुचकारलं. जोतीरामने मागून ढकललं. बैल एक पाऊल मागे आला. पाटलांच्या बैलाच्या पुढे कुणी जायचं नाही, हा नियम. त्यामुळे त्याच्यामागे गौसचा धरून चौपन्न बैल आणि सगळं गाव खोळंबलं. उन्हं उतरली. हलगीवाल्यांचे हात दुखायला लागले. आज्याच्या आज्याने सगळं ठरवून ठेवलं होतं, पण पहिला बैल हललाच नाही तर काय, हे ठरवायचं राहून गेलं होतं.

चिंचेखाली गौसचा बैल उभं राहून कंटाळला आणि सावकाश खाली बसला.

"ऊठ," गौस म्हणाला. "ऊठ की रं. तांबड्या, ऊठ." बैलाने रवंथ सुरू केलं. या नावाचं कोण, याची त्याला कल्पना नव्हती. पुढची माणसं मागे वळली. पाटलांच्या बैलाला हसायची सोय नव्हती, म्हणून सगळ्यांचं तुंबलेलं हसू गौसच्या वाट्याला आलं.

"पावणं, त्याला सांगा, सण आजच हाय!"

"विजापूरपास्नं चालत आलंय, दमलं जनावर!"

गौसने कासरा ओढला. कोटाचं एक बटण तुटून चिखलात गेलं. त्याने मान वर केली तेव्हा रांगेवरून, करेच्या पलीकडे, त्याला आई दिसली. एका हातात पोळीचं ताट होतं, आणि दुसरा हात तिने आपल्या तोंडावर घट्ट दाबून धरला होता. उभ्या जन्मात कुणी गप्प बसवू शकलं नाही अशी बाई लेकाच्या शब्दाखातर तोंड दाबून उभी होती.

गौसने कासरा सोडून दिला, बैलाच्या अंगावरून हात फिरवला आणि सगळ्या बावड्याला ऐकू जाईल असा ओरडला,

"अम्मा! बुला उसकू!"

फातिमाबीने हात थोडा बाजूला केला. "कौनसी जबान में?"

"अपनी में! जोर से!"

पस्तीस वर्षं दार लावून बोललेली भाषा त्या दिवशी वेशीतून बाहेर पडली. "बारो, नन्न राजा!" फातिमाबीने हाळी दिली. "बारो, बारो!" म्हणजे, ये रे माझ्या राजा, ये. हलगी थांबली. बैलाने कान टवकारले, एका झटक्यात उठला, आणि निघाला.

गौसची इच्छा एवढीच होती की त्याने उठून उभं राहावं. रांग मोडावी असं त्याच्या स्वप्नातही नव्हतं. पण बैलाला सत्तावीस घरं ठाऊक नव्हती. त्याला एक आई ठाऊक होती आणि तिच्या हातातली पोळी. तो केरबाच्या जोडीला घासून गेला, जोतीरामच्या बैलांच्या मधून गेला, पाटलांच्या पांढऱ्या बैलाला खांद्याने अलगद बाजूला सारलं आणि कर तोडून आत शिरला. तुटलेली कर शिंगांवर तोरणासारखी लोंबत होती. ताटातली पोळी त्याने एका घासात संपवली आणि मग फातिमाबीचा पदर हुंगत उभा राहिला.

सगळे पाटलांकडे बघत होते. हंबीररावांचा चेहरा लाल झाला होता. पण तेवढ्यात, पुढचा रस्ता मोकळा दिसल्याबरोबर, त्यांचा पांढरा बैल निमूटपणे तांबड्याच्या मागून चालू लागला. अर्धा तास गावासमोर गेलेली अब्रू परत येताना पाहून पाटलांनी फार विचार केला नाही. "बघता काय!" ते गरजले. "चालू द्या म्हागनं!" हलगी पुन्हा कडाडली.

रात्री जेवणं आटोपल्यावर पाटील स्वतः गौसच्या दारात आले. "म्होरच्या वर्षी म्हागं ऱ्हायचं," ते दरडावून म्हणाले.

"व्हय पाटील. तेवढं म्हातारीला तुमीच सांगा."

पाटलांनी आत डोकावून पाहिलं. फातिमाबीने तिथूनच विचारलं, "क्या बोलते पाटील?" पाटील म्हणाले, "काय न्हाय, काय न्हाय. पोळी ऱ्हायली आसंल तर द्या म्हटलं."

आठ दिवसांनी कचेरीतून कागद आला. अर्ज विचाराधीन आहे. तत्पूर्वी बैलाचे मूळ गाव कळवावे. गौसने त्याचं उत्तर स्वतःच्या हाताने लिहिलं: "बैल बावड्याचा. बोली कानडी. मालक येथेच आहे व येथेच राहणार. दाखल्याची आता गरज नाही; गुळाची भेली हवी असल्यास कळवावे." आणि कल्लहट्टीला एक ढेप धाडून दिली. कोल्हापूरकराकडून.

पुढच्या वर्षी ज्येष्ठी पुनव आली, तेव्हा गौसने बैलाची शिंगं अंगणात नाही, भर रस्त्यात बसून रंगवली. कोट घालून, नवं बटण लावून. आकारामने आपला बैलही शेजारी आणून बांधला. म्हणाला, ह्येला पोळी आवडती. तेवढ्यात कुरुंदवाडहून आलेला एक गाडीवान तिथे थांबला आणि नवलाने म्हणाला,

"काय पावणं, आजच बेंदूर? बावड्यात तर आषाढात असतोय की."

"त्योबी करतो," गौस शिंगावरून हिंगुळाचा हात फिरवत म्हणाला. "माझे दोन हायत. तुमचा येकच?" आणि त्या गाडीवानाच्या बैलांकडे बघून त्याने खरोखर कळवळून जीभ चुकचुकवली. "आरारा. सोडा त्यांना. पोळी खाऊन जाऊ द्या, पावणं."